सतरा नंबरचा माणूस

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, नंतर चहाचा ठसका लागायला नको. एकतीस वर्षं मी सरकारी ऑडिटमध्ये घासली. दुसऱ्याची चूक शोधण्यात माझा हात कुणी धरणार नाही, असा माझा समज होता.

नगरला लष्कराच्या एका कार्यालयात माझी नेमणूक आहे. बसायला खोली, टेबल, पंखा, सगळं त्यांचंच. यंदा विषय आला क्लाउडचा. आता क्लाउड म्हणजे काय? ढगबिग काही नाही हो. दुसऱ्याचे संगणक दुरून भाड्याने वापरायचे. तुम्ही काम करा नाहीतर झोपा काढा, भाडं चढतच राहतं. मीटर चालू ठेवून स्टँडवर उभी राहिलेली रिक्षा समजा. असा बिनकामाचा संगणक हुडकून काढायचा, हे माझं काम.

आणि सापडला की! वर्षभर अखंड चालू आणि वापरणारा एकच. नोंदीत नाव नाही, नुसता आकडा, सतरा. हा सतरा नंबर रोज सकाळी नऊला येतो, वीस मिनिटं काहीएक करत नाही आणि जातो. रविवारीसुद्धा. अहो, पाडव्याला, भाऊबीजेलासुद्धा! भाऊबीजेला ऑफिसात कोण जातं? ज्याच्या मनात पाप आहे तोच.

हे संगणकांचं खातं सुभेदार साळव्यांकडे. श्रीरामपूरचा शांत माणूस, निवृत्तीला चार महिने उरलेले. ऑडिटचा आक्षेप अंगावर राहिला तर त्यांच्या पेन्शनचे कागद अडकणार, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. पण कर्तव्य म्हणजे कर्तव्य.

"सुभेदार, हा सतरा नंबर कोण?"

साळवे माझ्याकडे बघतच राहिले. "बसा साहेब, चहा सांगतो. तोंडीच सांगतो तुमाला."

"तोंडी नको. लेखी द्या."

आमच्या खात्याची रीतच तशी आहे. तोंडी सांगितलेलं आम्हाला ऐकूच येत नाही. मी तिथल्या तिथे मेमो काढला.

दुसऱ्या दिवशी साळवे स्वतः माझ्या खोलीत आले, दार लोटून घेतलं. "साहेब, तेवढा मेमो माघारी घ्या. चोरीबिरी काय न्हाई त्यात. मानूस चांगला हाय."

"चांगला आहे तर नाव लिहून द्यायला काय झालं?"

"लिवलं की कागद वर जातो साहेब. मग माझ्या हातात काय ऱ्हात न्हाई. दोन मिंटं ऐकून तर घ्या."

"लेखी, सुभेदार."

संपलं! माझी खात्रीच पटली, सतरा नंबर म्हणजे साळवेच. दुसऱ्या मेमोत मी 'हेतुपुरस्सर' हा शब्द दोनदा घातला आणि एक प्रत पुण्याला वरिष्ठांकडे धाडून दिली. संध्याकाळी सावेडीच्या फ्लॅटवर येऊन पिठलं-भात केला आणि फार दिवसांनी पोटभर जेवलो.

आठवड्याने साळव्यांचं लेखी उत्तर आलं. 'मागील वर्षीच्या ऑडिटकरिता ऑडिट अधिकाऱ्यांस एक संगणक उपलब्ध करून देण्यात आला होता. काम संपल्यावर तो बंद करण्याबाबत त्यांनी कळवावयाचे होते. अद्याप कळविलेले नाही. वापरकर्ता क्रमांक सतरा: आपण स्वतः.'

मी ते तीनदा वाचलं. अहो, मी रोज उघडतो ते मला वाटायचं आपलं ईमेल बघायचं पान आहे. त्याच्या मागे अख्खा संगणक भाड्याने पळतोय, हे मला, क्लाउडच्या ऑडिटरला, ठाऊक नव्हतं!

आणि भाऊबीज? बायको जाऊन दोन वर्षं झाली. मुलगा परदेशात. सणाच्या दिवशी शेजारच्या घरांतून तळणाचे वास येतात आणि माझ्याच्याने फ्लॅटमध्ये बसवत नाही. मग स्कूटर काढायची, ऑफिसात जायचं, कुणी काही पाठवलंय का ते बघायचं. कुणी पाठवलेलं नसायचं. त्याला मी कधी ऑफिसला जाणं समजलोच नव्हतो.

साळवे दारात उभे होते. "तोंडी सांगत हुतो साहेब. एकट्या मानसाचं असलं कागदावर याया नको हुतं."

मला त्यांच्याकडे बघवेना.

उत्तराची प्रत पुण्यालाही गेली होती, तिथून लगेच विचारणा आली. सुटीच्या दिवशी वीस मिनिटं कोणतं काम केलं आणि का, याचा खुलासा करा. 'तातडीचे काम' असं ठोकून देता आलं असतं. पण मग वीस मिनिटांच्या कामापायी संगणक दिवसरात्र चालू ठेवल्याचा ठपका साळव्यांवर राहिला असता. म्हणून खरं ते लिहिलं. कामाचे स्वरूप: काही नाही. कारण: घरी कोणी नसते. जबाबदारी: माझी. साळव्यांचं नाव त्यातून सुटलं.

पण आमचा नियम असा, की खुलासा कुणाचाही असो, ज्याने आक्षेप काढला त्यानेच तो तपासून शेरा द्यायचा. म्हणजे मीच. कागद पुढ्यात घेतला. 'घरी कोणी नसते' ही ओळ पुन्हा पुन्हा वाचली. मग एकतीस वर्षांची सवय, हात आपोआप चालला. खाली लिहिलं, 'उत्तर समाधानकारक नाही', आणि सही केली.