जन्माआधीचे टोपडे
पत्नी गेल्यानंतर आठवड्याने तिची पेटी उघडली आणि वेखंडाचा वास आला. त्या वासाने निजामाच्या राज्यातली एक गोष्ट आठवली. पहिले लेकरू बाळंतघरातच दगावले होते आणि तिला पुन्हा दिवस गेले होते. जन्माआधी बाळाचे काही घेऊ नये, असे माझी आई बजावत असे. तरी ती मला जालन्याच्या बाजारात घेऊन गेली. स्वतःच्या लुगड्यासाठी साठवलेले पैसे तिच्याकडे होते, तेवढेच. बाळगुटीसाठी वेखंड, मुरडशेंग घेऊन झाल्यावर कापडाच्या दुकानात तिने दुपटे आणि लाल टोपडे मागितले. म्हाताऱ्या दुकानदाराने हौसेने विचारले, “लेकरू केवढं हाय, बाई?” “यायचंय अजून.” त्याचा हात थांबला. “मंग इतकी जल्दी कशाला? बराबर न्हाई ते.” “मागच्या वेळी कायबी घेतलं न्हवतं, चाचा,” ती शांतपणे म्हणाली. “राह्यलं का ते?” मग त्याने टोपडे दुपट्यात ठेवून सगळे बांधून दिले. ते टोपडे घातलेला मुलगा आता बाप होणार आहे. सुनेला सातवा लागला आहे. सुतक फिटले की मी बाजारात जाणार आहे, कुणालाही न विचारता.