हंबीररावांची झील

शिराळ्यात शमशेरभाई पिंजाऱ्यांचं गाद्यांचं दुकान आहे. माणूस कामाला वाघ, पण गेला पंधरवडाभर त्यांच्या हातून एक गादी धड होईना. टाके तिरके, कापूस सगळा एका अंगाला. एक गिऱ्हाईक म्हणालं, "भाई, ह्याच्यावर झोपायचं का घसरायचं?" एरवी भाईंनी त्याची बिनपाण्यानं केली असती. त्या दिवशी मुकाट्यानं गादी उसवायला घेतली.

शाहीर हंबीररावांची पहिली पुण्यतिथी तोंडावर आली होती. वारणाकाठच्या माणसांचा हंबीररावांवर फार जीव. शाहीर पुढे डफ घेऊन गात आणि मागे तुणतुणं वाजवत शमशेरभाई झील धरत. झील धरायची म्हणजे शाहिराच्या ओळीचा शेवट उचलायचा, उंच न्यायचा आणि तेवढ्यात शाहिराला दम घेऊ द्यायचा. ऐकायला सोपं वाटतं, करून बघा म्हणजे कळेल. भाईंनी तीसेक वर्षं हेच केलं आणि त्यांचं नाव एकदाही पत्रिकेवर छापलं गेलं नाही. त्यांना त्याचं काही वाटलं नाही. छापणाऱ्यांना मात्र वाटायला हवं होतं.

पंधरवड्यापूर्वीच शाहिरांचा मुलगा वीरधवल पुण्याहून आला आणि सरळ दुकानात येऊन बसला. "चाचा, यंदा आबांचा पुराचा पोवाडा तुम्ही म्हणा. नाहीतर पोरं सांगलीचा ऑर्केस्ट्रा आणायच्या बेतात आहेत. तो एकदा आला की पोवाडा कोण विचारणार?"

हा पोवाडा शाहिरांनी कधी रेकॉर्ड करू दिला नव्हता. तो आता भाईंच्याच गळ्यात होता, आणि पुढं होऊन गायची त्यांना सवय नव्हती. घरी ते तोंड उघडत, तर ओळीचा शेवटच तेवढा बाहेर पडे. सुरुवात हंबीररावांची, तिला हात कसा लावायचा? मग उठून येरझाऱ्या. ओटा, दार, पुन्हा ओटा. त्यांची बायको महेजबीन वैतागली, "बैठो की जरा एक जगा!" भाई बसले आणि भाकरी मोडायच्या आत पुन्हा उठले.

पुण्यतिथीला दुपारी शाळेचं मैदान भरलं. शाहिरांचा डफ यंदा गावातल्या जोतिबाकडे होता. त्यानं थाप मारली. भाई पुढे झाले, डोळे मिटले आणि म्हणाले,

"वारणामाई चढली वर, पाण्यात बुडालं माझं घर..."

अख्खी ओळ आली! स्वच्छ आली! भाई थांबले. मागून झील यायची होती. ती आलीच नाही.

वळून बघतात तर मागे कुणीच नाही. पंधरवडाभर सगळ्यांनी एकच घोकलं होतं, गाणार कोण? झिलेचं काय, हे ना वीरधवलच्या डोक्यात आलं, ना जोतिबाच्या, ना खुद्द भाईंच्या. झील तर शमशेर धरतोच की!

भाई पटकन दोन पावलं मागे गेले. "माझं घर जी जी रं जी!" पुन्हा पुढे, दुसरी ओळ. पुन्हा मागे. लोक हसायला लागले. भाईंना धाप लागली, आवाज फाटला. कडेच्या पोरांनी "ऑर्केस्ट्रा! ऑर्केस्ट्रा!" सुरू केलं. भाईंना वाटलं, जमीन दुभंगावी.

तेवढ्यात बायकांतून मनुबाई उठल्या. हंबीररावांची बायको. नवऱ्याच्या हयातीत या बाईनं कधी स्टेजची पायरी चढली नव्हती. त्या सावकाश वर आल्या, पदर खोचला आणि भाईंच्या जागेवर उभ्या राहिल्या.

"पळू नगासा भावजी. तुमी म्हणा म्होरं. झील मी धरती."

"वैनी, तुमाला येतीया?"

"आवं, त्यांनी रोज पहाटं कुणाम्होरं तालीम केली? तवा मागं मीच हुती की."

भाईंनी ओळ टाकली. मागून झील आली, थोडी थरथरती पण सुरात. पोरं गप्प झाली. पूर चढला, गोठे वाहिले, माणसं माळावर बसली, पाणी ओसरलं. लोक जागचे हलले नाहीत.

शेवटच्या ओळीपाशी मात्र भाई अडखळले. त्या ओळीत शाहिरांनी आपलं नाव गुंफलं होतं, आणि झिलेला नेमकं तेच नाव उचलायचं होतं. मनुबाईंनी नवऱ्याचं नाव जन्मात घेतलं नव्हतं. उखाण्यातसुद्धा त्या 'शाहीर' म्हणत. भाईंनी मागे पाहिलं. ओळ सोडून द्यावी का?

"थांबलासा का?" मनुबाई म्हणाल्या. "म्हणा."

भाईंनी म्हटलं, "संसार उभा केला नदीतीरावर, वारणाकाठी गातो हंबीर..."

क्षणभर नुसता डफ वाजत राहिला. मग मनुबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि मैदानाच्या पार टोकाला ऐकू जाईल अशी झील दिली.

"हंबीर जी जी रं जी!"