भैय्याजींच्या पाठीखालची चादर

मनकर्णाला धडधाकट माणसांचा तिटकारा होता. आजाऱ्याच्या अंगाचा वास, पू, ओकारी, सगळं ती सोसायची. पण धुतलेलं धोतर नेसून दवाखान्याच्या दारात नाकाला उपरणं लावणारा माणूस दिसला, की तिच्या ओठाचा एक कोपरा हळूच खाली उतरे.

तो कोपरा उतरायला लागला सासरी, लोधीखेड्यात. कपाशीच्या वेचणीच्या दिवसांत तिचा नवरा तापानं खाटेवर पडला तो तीन आठवडे उताणाच पडून राहिला. घर माणसांनी भरलेलं. कोणी अंगारा लावला, कोणी उतारा टाकला, पण त्याला कुशीवर करावं हे कोणालाच सुचलं नाही. ताप उतरला आणि पाठ सडली. त्या पाठीनंच तो गेला.

वर्षभरानं ती नागपूरला सहायक नर्सचं शिक्षण घ्यायला निघाली, तेव्हा सासू देवकाबाई ओसरीवर कपाळ बडवत बसली.

"दुसऱ्याची घाण काढाले शिकावं लागते का व? हे तं बाईले जन्मताच येते."

"येत असतं तं तुमच्या लेकाची पाठ सडली नसती, आत्याबाई," मनकर्णा म्हणाली आणि नागपूरच्या छोट्या रेल्वेगाडीत जाऊन बसली.

दीड वर्षानं ती परतली ती शिक्क्याचा दाखला घेऊन. सौंसरच्या सरकारी दवाखान्यात तिला जागा मिळाली. संत्र्याच्या बागा फुलल्या की त्या वासानं सारं सौंसर आपल्यालाच सुगंधी समजे, आणि त्या सुगंधी गावात सगळ्यांत सुगंधी होते भैय्याजी. संत्र्याचे व्यापारी, जनपद सभेचे मेंबर, गालात सदा पान.

"काव बाई," ते चारचौघांत विचारत, "भांडं उचलाची डिग्री नागपुरातच भेटते म्हनते?"

लोक हसत. मनकर्णा त्यांच्याकडे गोठ्यात रवंथ करणाऱ्या बैलाकडे पाहावं तशी पाही आणि आत जाई.

मग छप्पन्नच्या नोव्हेंबरात राज्य बदललं. नागपूर तिकडं मुंबई राज्यात गेलं, सौंसर इकडं भोपाळच्या हाताखाली आलं. संत्री आपली नागपूरलाच जात राहिली. अडला तो मनकर्णाचा कागद. चैत्रात नवे साहेब तपासणीला आले. भैय्याजी हार घेऊन हजर. साहेबांनी दाखला उलटून पाहिला, जणू मागच्या बाजूला खरं राज्य लिहिलेलं असावं.

"यह तो दूसरे राज्य का है," ते म्हणाले. "हिंदी में जवाब दीजिए, तभी आगे नौकरी रहेगी. बेहोश रोगी की चादर कैसे बदलेंगी?"

मनकर्णाला सारं कळलं. पण उत्तराचे हिंदी शब्द तिच्या तोंडात बोरांच्या बियांसारखे फिरू लागले. समोर कागदावर साहेबांची लेखणी नकाराकडे झुकत होती, आणि त्या लेखणीच्या टोकाला तिला देवकाबाईची ओसरी दिसत होती.

"सांगता येत नसन तं जाऊ दे ना व घरी," भैय्याजी म्हणाले. "कापूस वेच. चादर झटकाले काय, माही सूनही झटकते."

मनकर्णाच्या ओठाचा कोपरा उतरला.

"साहेब, करून दाखवते. रोगी पाहिजे." ती वळली. "भैय्याजी, पडा त्या खाटेवर. बेहोश माणूस आपल्या मनानं हालत नाही, तेवढं ध्यानात ठेवा."

साहेबांसमोर नाही म्हणणं मेंबराला शोभेना. भैय्याजी आडवे झाले आणि खाट कण्हली. बेहोश माणूस बोलत नाही हे मात्र त्यांच्या ध्यानात आलं नाही. यंदाच्या बहाराची, दिल्लीला धाडलेल्या पेट्यांची हकिकत त्यांनी साहेबांना सुरू केली. मनकर्णानं एक हात त्यांच्या खांद्याला लावला, एक कमरेला, आणि ते एवढं धूड सुपातल्या दाण्यासारखं कुशीवर गेलं. जुनी चादर गुंडाळत पाठीशी आली, तिला लागून नवी अर्धी पसरली. मग ती पलीकडे गेली.

"पाठ पाहू द्या इकडून," ती म्हणाली.

भैय्याजी या कुशीवरून त्या कुशीवर आले. पेट्या अजून दिल्लीला पोचायच्या होत्या. जुनी चादर निघाली, नवी ताणून गादीखाली गेली, एक सुरकुती नाही.

मनकर्णा हात मागं बांधून उभी राहिली. साहेबांची लेखणी थांबली होती.

"...तं असं हाय साहेब," भैय्याजींनी हकिकत संपवली आणि मान वर केली. "काव, उभी काय राहिली? कर ना आता सुरू! मले आडतीवर जायचं हाय."

दवाखान्यात एवढं हसू कधी फुटलं नव्हतं. साहेबसुद्धा तोंडावर हात धरून हसले आणि तसंच हसत त्यांनी सही केली.

भैय्याजींनी आपल्या अंगाखाली चाचपलं. मग त्यांचा चेहरा पानासारखा लाल झाला.

"ह्याच्यात काय हाय येवढं? चादरच तं हाय."

मनकर्णानं जुनी चादर उलगडून त्यांच्यापुढं धरली. उशाकडच्या भागावर पानाचा ओला डाग पसरला होता.

"होय, चादरच हाय," ती म्हणाली. "थुंकायचं भांडं खाटेखाली असते, भैय्याजी. उचलाले मी हाय."

आणि सही वाळायचीही वाट न पाहता ती तीन नंबरच्या खाटेकडे गेली. तिथल्या म्हाताऱ्याला कुशीवर करायची वेळ झाली होती.