हर्नडनला तळ्यावर नेलं तेव्हा

आमच्याकडे स्थळांना नावं नसत, गावं असत. मावशीचं म्हणणं असं की नाव एकदा तोंडात बसलं की माणूस घरचा वाटायला लागतो, आणि मग नकार आला तर उगाच लागतं. त्यामुळे श्रूजबरीने नकार कळवला तेव्हा एका मुलाने नव्हे, तर मॅसॅच्युसेट्समधल्या एका अख्ख्या गावाने आपल्याला नाकारलं असं मला वाटलं. मावशीच्या पद्धतीत हा एक दोष होता.

नकाराचं कारण त्याआधीच्या स्थळाने दिलं होतं तेच. मुलगी चांगली आहे, पण फार अबोल.

मी तेव्हा अरिझोनातल्या चँडलरला मावशी आणि काकांकडे राहत होते. नोकरी नवी होती, एच-वन व्हिसा त्याहून नवा. आईबाबा मुंबईत. माझ्या लग्नाचं काम त्यांनी मावशीवर सोपवलं होतं आणि दर रविवारी कॉलिंग कार्डावरून त्याची चौकशी करत.

मी मुकी नव्हते. ऑफिसात, इंग्रजीत, कामाबद्दल मला व्यवस्थित बोलता येई. पण कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझ्या मराठीत फक्त घरातली वाक्यं होती. भूक नाही. येते. आज उशीर होईल. एवढ्या सामानावर अनोळखी मुलाशी सगळ्या आयुष्याबद्दल काय बोलणार? आणि इंग्रजीत बोलावं तर तो जॉब इंटरव्ह्यू वाटे. मग मी गप्प बसून बघत राही. बघण्यात मी बरी होते. श्रूजबरीला आम्ही रेस्टॉरंटमध्ये भेटलो तेव्हा त्याने पापडाचे सारखे तुकडे केले, ताटाच्या कडेने मांडले आणि मग एकेक खाल्ला. मी मेन्यूकार्डाच्या आडून ते सगळं पाहिलं आणि मनात नाही म्हणून टाकलं. पण माझं नाही मनातच राहिलं आणि त्याचं फोनवरून आधी येऊन पोचलं. ते मला फार लागलं.

म्हणून हर्नडन येणार असं ठरलं तेव्हा मी एकच गोष्ट पक्की केली. रविवारी संध्याकाळी दोन्हीकडून निरोप जायचा होता. या वेळी माझा नकार आधी जाणार. तिसऱ्यांदा 'अबोल' ऐकून घ्यायची माझी तयारी नव्हती.

तळ्याची कल्पना काकांची. त्यांच्या ऑफिसातल्या एका माणसाने टेबलावर स्वतःचा फोटो लावला होता, हातात हा एवढा मासा धरलेला. तेव्हापासून काकांना तळ्यावरच्या एखाद्या गाईडबरोबर बास नावाचा मासा पकडायला जायचं होतं. मावशी दर वेळी म्हणे, "मासे दुकानात मिळतात." या वेळी काकांनी डोकं चालवलं.

"हे बघ," ते मावशीला म्हणाले, "घरी चारचौघांत ती बोलत नाही. रेस्टॉरंटमध्ये मेन्यूकार्डामागे लपते. बोटीत मेन्यूकार्ड नसतं."

"आणि तुम्ही कशाला जाताय?"

"मोठं कुणीतरी नको का सोबत?"

"मग मी जाते."

"गाईड तिघांनाच नेतो," काका म्हणाले. हे त्यांनी आधीच विचारून ठेवलं होतं.

मावशी हरली, पण पुरती नाही. बघण्याचा कार्यक्रम म्हटला की कांदेपोहे आलेच, म्हणून तिने पहाटे उठून पोहे केले आणि स्टीलच्या डब्यात भरून दिले. डबा माझ्या हातात देताना म्हणाली, "निदान पोहे हवेत का एवढं तरी विचार त्याला."

हर्नडन मूळचा नागपूरचा. आदल्या रात्री तो व्हर्जिनियाहून येऊन मित्राकडे उतरला होता. तो गाडीत मागे बसला आणि लगेच बोलायला लागला. हर्नडनचं ट्रॅफिक, त्याचा रूममेट, त्याच्या आईचे गुडघे, अरिझोनाचं ऊन आणि नागपूरचं ऊन यांतलं खरं कुठलं. इंटरनेटवरून छापून घेतलेला रस्त्याचा कागद माझ्या मांडीवर होता. मधूनच "आता डावीकडे" म्हणायची मला सोय होती. तीही काकांनी घालवली, कारण त्यांनी रस्ता आधीच पाठ करून ठेवला होता.

तळं म्हणजे धरणाचं पाणी. दोन्ही बाजूंना तांबूस कडे आणि त्यांवर हात वर करून उभे असलेले निवडुंग. धक्क्यापाशी गाईडची बोट लागली होती. लांबट, सपाट, चमचमणाऱ्या रंगाची. आणि आत सगळीकडे गालिचा. गालिचा दिसताच काकांनी बूट काढले. त्यांचं बघून हर्नडनने काढले. दोघांनी काढल्यावर मीही काढले. गाईड म्हातारा, उन्हाने भाजलेला माणूस होता. धक्क्यावर ओळीने लावलेल्या तीन जोड्यांकडे तो जरा वेळ बघत राहिला. मग त्याने नम्रपणे सांगितलं की बोटीत गळ पडलेले असतात, बूट घातलेले बरे.

"बघा," हर्नडन बूट घालत म्हणाला, "देवळाबाहेर काढले असते तर चोरीला गेले असते."

काका मोठ्याने हसले. मला हसू आलं, पण मी ते गिळलं. नकार द्यायचा असलेल्या माणसाच्या विनोदाला हसू नये.

गाईडने पुढची छोटी मोटर लावली. ती विजेवर चालते, तिचा आवाज होत नाही, आणि तो ती पायाने चालवत होता. काठाच्या लव्हाळ्याजवळ नेऊन त्याने आम्हाला समजावलं. हा मासा लार्जमाउथ बास, याचं तोंड त्याच्या मानाने फार मोठं. गळाला जांभळं रबरी गांडूळ लावायचं, लव्हाळ्याच्या कडेला टाकायचं आणि बुडू द्यायचं. मग काहीच करायचं नाही. दोरीवर टकटक झाली तरी पहिल्या टकटकीला ओढायचं नाही. आणि बोटीत पाय आपटायचे नाहीत. माशाला ते पाण्यातून कळतं.

हर्नडनची अडचण इथे सुरू झाली. त्याला हातपाय न हलवता बोलता येत नसे. रूममेटने भात कसा करपवला हे सांगताना तो उठून उभा राहिला आणि भात करपला तिथे त्याने पाय आपटला. बोट डुलली. गाईडने मागे वळून पाहिलं. हर्नडन खाली बसला, पण बसूनही टाच वाजतच राहिली. शेवटी गाईड म्हणाला की माझं चुकलं, तुम्ही बूट काढलेलेच चांगले होते. हर्नडनने मुकाट्याने बूट काढले.

"आणि हिच्याकडून शिका," गाईड माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला. "ही बरोबर करतेय."

मी काहीच करत नव्हते. गप्प बसण्याबद्दल आयुष्यात पहिल्यांदाच कुणी माझं कौतुक केलं होतं. मला वाटलं, हे मावशीने ऐकायला हवं होतं.

तेवढ्यात काकांना मासा लागला. लहानसाच होता, पण काकांनी घरी बारसं असावं तसा तो दोन्ही हातांवर घेतला. गाईडने त्यांच्याच कॅमेऱ्यावर फोटो काढला आणि मासा परत पाण्यात सोडायला सांगितला.

"सोडायचा?" काकांनी मला मराठीत विचारलं, जणू मी चुकीचं भाषांतर करत होते.

"हो, काका."

"पकडून सोडायचा? मग दिवसभर काय करायचं?"

"परत पकडायचा," हर्नडन म्हणाला.

काकांनी मासा सोडला, पण एअरपोर्टवर पाहुण्याला सोडतात तसे नंतर बराच वेळ त्या पाण्याकडे बघत राहिले.

ऊन चढल्यावर आम्ही कड्याच्या सावलीत थांबलो आणि मी डबा उघडला. मावशीने सांगितलेलं वाक्य माझ्या ओठांवर होतं, पण मी विचारायच्या आत हर्नडनने हात पुढे केला होता. गाईडनेही पोहे खाल्ले, परत घेतले, आणि आज काही खास आहे का असं विचारलं. काकांनी त्याला सगळं सांगितलं. ही मुलगी, हा मुलगा, आज पाहिलं, उद्या निरोप. गाईडने आमच्या दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. म्हातारी माणसं करतात तसा विचार करून त्याने टोपी मागे सरकवली आणि म्हणाला, मग तुम्ही दोघं मागच्या टोकाला बसा, काका माझ्याजवळ पुढे येतील.

मागच्या टोकाला हर्नडन गप्प होता, म्हणजे त्याच्या मानाने गप्प. मी रबरी गांडूळ टाकलं. ते बुडालं. दोरी माझ्या बोटावर होती. पहिली टकटक झाली, मी थांबले. दुसरी झाली. मग दोरी हळूच बाजूला सरकायला लागली आणि मी रॉड ओढला.

पलीकडून जे ओढलं गेलं त्याची मला कल्पना नव्हती. पाणी फुटलं आणि मासा पूर्ण बाहेर आला, डोकं झटकत, तोंड उघडं. त्या तोंडात माझी मूठ सहज गेली असती.

"बाप्पा," हर्नडन म्हणाला.

गाईडला मोटर सोडून मागे येता येईना. येता आलं असतं असं मला आता वाटतं. पण त्याने हर्नडनला जाळी उचलायला सांगितली. पाण्यात खालून धरा, घाई करू नका, मासा स्वतः आत येऊ द्या. मी मासा बोटीच्या कडेपर्यंत आणला. हर्नडनने श्वास घेतला, आणि झाडूने झुरळ मारावं तशी जाळी वरून आणली. तिची कड दोरीवर बसली. माशाने एक झटका दिला आणि तो गेला. जांभळं गांडूळ आणि गळ जाळीत लटकत राहिले.

"गेला," पुढून काका म्हणाले. कुणी वारल्याचा फोन आल्यावर म्हणतात तसं.

"सॉरी," हर्नडन म्हणाला. "सॉरी. फार मोठा होता."

आणि मग तो बोलायचा थांबला. आधीसारखा त्याच्या मानाने नव्हे, खरोखर थांबला. जाळी मांडीवर घेऊन तो तिच्यात अडकलेला गळ सोडवत बसला. गळ एका घरातून सुटे आणि दुसऱ्यात अडके. मी बघत राहिले. गप्प बसणं मला आतून माहीत होतं. एक वाक्य करायचं, खोडायचं, दुसरं करायचं, तोवर वेळ निघून जायची. बाहेरून ते कसं दिसतं हे मी कधी पाहिलं नव्हतं. मोजे घातलेले त्याचे पाय गालिच्यावर अगदी जवळजवळ ठेवलेले होते, शाळेत बाकावर उभं केलेल्या मुलासारखे. पलीकडे बसलेल्या माणसाला वाटणार की आपलंच काही चुकलं. श्रूजबरीला तसं वाटलं असेल का? पापडाचे तुकडे करण्याशिवाय त्याला दुसरं सुचणार तरी काय?

कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं. काका पाठमोरे होते. उरले मी.

"तसाही तो सोडायचाच होता," मी म्हणाले.

त्याने वर पाहिलं. "काय?"

"मासा. फोटो काढून आपण सोडणारच होतो. तुम्ही फक्त फोटोचा वेळ वाचवलात."

तो इतका हसला की दोन्ही पाय गालिच्यावर आपटले. गाईडने वळून पाहिलं, तशी त्याने स्वतःचे गुडघे हातांनी दाबून धरले आणि तसाच हसत राहिला.

"तुम्ही बोलता की," तो म्हणाला.

"कधीकधी."

"आमच्या आईला कोणी तरी सांगितलं, चँडलर बोलत नाही म्हणून."

"चँडलर कोण?"

"तुम्हीच न. आमच्या घरी तुमचं नाव चँडलर आहे."

मग मी हसले, आणि या वेळी ते गिळता आलं नाही. "तुम्ही हर्नडन," मी सांगितलं.

"हर्नडन," त्याने म्हणून पाहिलं. "बरं आहे. टेक्सासने मला नाही म्हटलं तेव्हा काय कारण दिलं माहीत आहे? मुलगा फार बोलतो."

"त्यांचं बरोबर आहे," मी म्हणाले.

त्यानंतर त्या बोटीत मी किती बोलले ते मला आठवत नाही. फार नसेल. मासा मात्र परत एकही लागला नाही, आणि गाईडने त्याबद्दल तक्रार केली नाही.

घरी मावशी दारातच उभी होती. "बोलली का?" तिने माझ्यासमोरच काकांना विचारलं.

"हे बघ," काका म्हणाले आणि त्यांनी कॅमेरा पुढे केला. त्या दिवसाचा तेवढा एकच फोटो आहे. मधोमध काका, हातात मासा, आणि डाव्या कडेला माझं कोपर आणि हर्नडनची टोपी.

"मी मुलीचं विचारतेय."

"असेल बोलली. मी पुढे बसलो होतो."

"मग सोबतीला कशाला गेला होतात?"

दुसऱ्या दिवशी दुपारी हर्नडन विमानाने परत गेला. संध्याकाळी मावशी कॉलिंग कार्ड आणि चष्मा घेऊन फोनपाशी बसली. नागपूरला सकाळ झाली होती.

"काय कळवू?" तिने विचारलं. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "घाई नाही. हवं तर त्यांचं काय येतं ते बघू आधी."

"त्यांचं काही आलेलं नाही अजून?"

"नाही."

"मग आपलं आधी जाऊ दे," मी म्हणाले. एवढं तरी मी ठरवल्याप्रमाणे करणार होते.

"पण काय कळवू?"

"हो म्हणून कळव."

मावशीने चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग कार्डावरचे आकडे दाबायला लागली आणि मधेच चुकली. पहिल्यापासून दाबत ती पुटपुटली तेव्हा माझ्या लक्षात आलं की ती गावाचं नाव घेत नव्हती, त्याचं स्वतःचं घेत होती. आतल्या खोलीतून काका ओरडून सांगत होते, त्याला म्हणावं ऑक्टोबरमध्ये ये, गाईड म्हणाला तेव्हा मासे चांगले लागतात, आणि या वेळी जाळी मी धरीन.