नाव एकीचं, तोंड दुसरीचं

त्या निवडणुकीचा विषय निघाला की मला आजही आधी धडकी भरते आणि मग हसू येतं. हा क्रम कधी उलटा होत नाही.

नव्वदच्या दशकाचा शेवट होता. शहापूर तालुक्यातल्या एका ठाण्यात मी हवालदार होतो. माझं गाव पार लातूरकडं. सातवीला शाळा सुटली ती सुटलीच. पुढे भरतीत धावायला पहिला आलो आणि पोलीस झालो. सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो, तो खात्याच्या आणि मला सांभाळून घेणाऱ्या माणसांच्या उपकारानं, असं मी अजून मानतो. पण सातवीची भीती शेवटपर्यंत गेली नाही. स्टेशन डायरीत दोन ओळींची नोंद करायची तरी मी आधी ती कच्च्या कागदावर लिहून बघायचो.

फोटोचं ओळखपत्र तेव्हा नवीन होतं. ज्यांना मिळालंय त्यांनी ते दाखवल्याशिवाय मत नाही, असा आदेश आला होता, आणि चहाच्या टपरीपासून कचेरीपर्यंत त्यावरून वाद चालला होता. काही म्हणायचे, फोटो पाहिजेच, नाहीतर एकाच्या नावावर दुसराच शिक्का मारून जातो. बाकीचे म्हणायचे, गावात सगळे सगळ्यांना ओळखतात, गरिबाला कार्डात कशाला अडकवता? मी कुठल्याच बाजूला नव्हतो. साहेब ज्या बाजूला, त्या बाजूला मी.

मतदानाला आठ दिवस उरले असताना खबर आली. किन्हवलीत सायकल दुरुस्तीचं दुकान चालवणारा एक माणूस आमचा खबरी होता. तो आला, आजूबाजूला बघितलं आणि म्हणाला, "हवालदार, डोंगराखालच्या पाड्यावर खोटी कार्डं आलीत. बायांची. नाव एकीचं न फोटो दुसरीचा."

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पायजे? माझी सासुरवाडी ती. मेव्हणीनं हौसेनं कार्ड दाखवलान, तर त्यावर तिची शेजारीन."

आमचे फौजदार साहेब तरुण होते, नवीन होते आणि फोटोच्या बाजूचे होते. ते खुर्चीतून उठलेच. "रॅकेट आहे! मुरबाडकडून भाड्यानं बाया आणणार आणि या कार्डांवर मतं टाकणार. कार्डं जप्त करा, बाळगणाऱ्यांवर तोतयेगिरीचा गुन्हा नोंदवा. तीन दिवस देतो. नाही जमलं तर तुमच्या सेवापुस्तकात काय लिहायचं ते मी बघतो."

सेवापुस्तकाचं नाव निघालं की मी आधी सलाम ठोकायचो. दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस पाटलांना सोबत घेऊन पाडा गाठला. सगळ्या बायांना कार्डं घेऊन एका अंगणात बोलावलं आणि आवाज चढवून पहिल्या बाईला विचारलं, "हे कार्ड कुणाचं?"

"माझा."

"आणि हा फोटो?"

"तो हिचा." तिनं शेजारी बसलेल्या बाईकडे बोट केलं. ती बाई तांदूळ निवडत होती. तिनं मान हलवून कबुली दिली.

"मग हिच्या कार्डावर कोण?"

"मी." पहिली म्हणाली. "फोटो बरा आलाय, नाय?"

बावीस चुकीची कार्डं निघाली. बावीसही चेहरे त्याच अंगणात बसलेले होते. मुरबाडची एकही बाई नव्हती. आता रॅकेट कुठून आणू? बायांना त्यात काही वावगंही वाटत नव्हतं. एक म्हणाली, "सरकारनं वाटून दिलान, आमी घेतला." फोटो काढल्यानंतर दोघी जावा बांधावरून भांडून बोलेनाशा झाल्या होत्या, त्यातली एक मला म्हणाली, "दादा, बाकी काय पन कर, पन हिचा थोबाड माझ्या पेटीतून काढ." नवीन लग्न झालेली एक सून कोपऱ्यात मुसमुसत होती. तिच्या कार्डावर पलीकडच्या घरातल्या सत्तरीच्या आजीचा दात नसलेला चेहरा होता. माहेरी कसं दाखवू, म्हणत होती. आजीच्या कार्डावर अर्थात तीच सून, नथ घालून.

आजीची तक्रार वेगळीच होती. ती माझ्यासमोर येऊन उकिडवी बसली.

"दादा, दोन येळा मी मत टाकायला चालत गेली. दोन येळा तिथं सांगितला, म्हातारे, तुझा मत पडलाय, जा घरी. कोन टाकून गेला? मी तर आताच येतेय ना! म्हनून फोटो काढायला आले तवा सगल्यांच्या आधी मी जाऊन उभी राह्यली. आता माझा तोंड कार्डावर हाय, या पोरीच्या पेटीत का असंना, आता कोन टाकील माझा मत? न तू आलास कार्ड घेयाला."

कार्डं जप्त केली तर हिचं मत तिसऱ्यांदा जाणार, आणि या वेळी ते नेणारा मी. कार्डं तिथंच ठेवली. पाड्याच्या बाहेर आल्यावर आपण हुकूम मोडला हे लक्षात आलं.

पण एक गोष्ट डोक्यात घोळत होती. पुरुषांची कार्डंही मी बघून घेतली होती, ती बरोबर होती. लग्न न झालेल्या पोरींची बरोबर होती. चुकलेल्या सगळ्या लग्न झालेल्या बाया, आणि त्याही जोडीजोडीनं. हिचं तोंड तिच्याकडं, तिचं हिच्याकडं.

फोटोच्या वेळी चिठ्ठ्या लिहायला एक शाळामास्तर नेमले होते. त्यांना ठाण्यावर बोलावलं. आता माझी पंचाईत बघा. मास्तर दारात आले आणि चौकशी करणारा मीच ताडकन उभा राहिलो. ते बसेपर्यंत मला बसवेना. जबाब लिहायला घेतला, तर मास्तर वाकून बघत होते. "हवालदार, 'चौकशी' नीट लिहा." मी खोडलं, पुन्हा लिहिलं. चोरांकडून मी कबुल्या घेतल्या होत्या, पण असा घाम कधी फुटला नव्हता.

मास्तर मात्र ठाम होते. "नवऱ्याचं नाव विचारायचं, यादीत नंबर शोधायचा, चिठ्ठी लिहून हातात द्यायची. बाई चिठ्ठी घेऊन कॅमेऱ्यासमोर बसायची. दिवसभरात चारशे माणसं. माझ्याकडून चूक? शक्यच नाही."

"सर," मी म्हणालो, सर हे आपोआप तोंडातून गेलं, "तुम्ही तसंच पुन्हा करून दाखवाल का?"

दुसऱ्या दिवशी पाड्याच्या शाळेत टेबल मांडलं, कॅमेऱ्याच्या जागी एक खुर्ची ठेवली. मास्तरांनी चष्मा चढवला, यादीत मान घातली. पुढे ती पहिली बाई, तिच्यामागे तांदूळवाली.

"नवऱ्याचं नाव?"

पहिलीनं पदर तोंडाला लावला. ती कसली बोलते! नवऱ्याचं नाव स्वतःच्या तोंडानं घ्यायचं नाही, ही तिथली रीत. माझ्या गावीही आहे. मागच्या तांदूळवालीनं लगेच पहिलीच्या नवऱ्याचं नाव सांगून टाकलं. मास्तरांनी मान वर न करता नंबर शोधला, चिठ्ठी लिहिली आणि आवाज जिथून आला तिकडे हात केला. तांदूळवालीनं चिठ्ठी घेतली आणि ऐटीत कॅमेऱ्याच्या खुर्चीकडे गेली.

"पुढची. नवऱ्याचं नाव?"

पहिली अजून तिथंच उभी. आता मैत्रिणीची परतफेड तिची. तिनं तांदूळवालीच्या नवऱ्याचं नाव खणखणीत सांगितलं. चिठ्ठी तिच्या हातात.

मास्तरांनी पहिल्यांदाच मान वर केली. समोर मी, दारात पोलीस पाटील, आणि खुर्चीत दुसऱ्याच बाईची चिठ्ठी घेऊन बसलेली तांदूळवाली. मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "लिहा," ते मला म्हणाले, "चूक माझी." बिचाऱ्यांनी या वेळी माझं शुद्धलेखन तपासलं नाही.

साहेबांनी अहवाल दोनदा वाचला. गेलेल्या रॅकेटचं त्यांना वाईट वाटलं असावं. कार्डं तिथंच ठेवल्याबद्दल मला बोलणी बसली, पण अहवालावर सही करून त्यांनी तो वर पाठवला. वरून उत्तर आलं: नवीन कार्डं मतदानापूर्वी होणार नाहीत, केंद्राध्यक्षांनी ओळख पटवून घ्यावी. साहेबांनी त्या केंद्राचा बंदोबस्त मलाच दिला. "तुम्हीच शोधलंत, तुम्हीच निस्तरा."

मतदानाच्या सकाळी शाळेबाहेर दोन रांगा, बायांची आणि पुरुषांची. पोलिसाला बोलावल्याशिवाय आत जायचं नसतं. मी दारात उभा. बायांच्या रांगेत पहिली आजी. तिनं कार्ड पुढे केलं. आत एका उमेदवाराचा प्रतिनिधी बसला होता, पांढरे कपडे, जवळच्याच गावातला. त्यानं कार्डावरची नथ बघितली, आजीकडे बघितलं आणि हात वर केला. "आक्षेप! ही ती बाई नाय."

केंद्राध्यक्ष साधा माणूस होता. त्यानं अहवाल दाखवला, पोलीस पाटलांना ओळख पटवायला बोलावलं. प्रतिनिधी म्हणाला, "पाटील यांच्याच भावकीतला. तो काय, कोनाला पन वळखील."

शेवटी केंद्राध्यक्ष म्हणाले, "आजी, यादीत तुमच्या मालकांचं नाव आहे. तुम्ही स्वतः सांगा. जुळलं की मत द्या."

प्रतिनिधी मागे टेकून बसला. तो त्याच मुलखातला. म्हातारी नाव घेणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मागच्या सूनबाईनं मदतीला तोंड उघडलं, तर तो खेकसला, "तू नाय, तिनंच!"

आजी उभीच. मला वाटलं, आता ही पदर सावरून घरी जाणार, तिसऱ्यांदा. आजी वळली. घराकडे नव्हे, खिडकीकडे. खिडकीबाहेर पुरुषांची रांग होती. तिनं गजाला हात धरला आणि सगळी शाळा दणाणेल अशी नवऱ्याला नावानं हाक मारली.

ते नाव मी इथं लिहीत नाही. तिनं ते जन्मात पहिल्यांदा घेतलं; मी कशाला फुकट वापरू?

बाहेरून लगेच उत्तर आलं. "ओऽऽ! कोन बोलावतंय रे मना?"

"मी बोलावतेय! ये इकडं, तोंड दाखव यांना!"

खिडकीत एक म्हातारा चेहरा उगवला. बायकोकडे बघून त्याचा जबडा खाली आला. केंद्राध्यक्षांनी यादी बघितली, म्हाताऱ्याचं कार्ड मागितलं, नाव ताडलं, आणि ओळख पटली असं लिहिलं. प्रतिनिधीनं आक्षेप मागे घेतला नाही, पण त्याला कुणी विचारलंही नाही.

मग बांधच फुटला. एकेक बाई आत येई, खिडकीशी जाऊन नवऱ्याला हाक मारी, बाहेरून "ओ" येई. पुरुषांच्या रांगेची हजेरी चालल्यासारखं झालं. सूनबाईची पाळी आली तेव्हा तिच्या तोंडून आवाज फुटेना. ती केंद्राध्यक्षांच्या कानात कुजबुजली. प्रतिनिधी ओरडला, "मोठ्यानं पायजे!"

बोटाला शाई लावून दारापाशी पोचलेली आजी मागे फिरली. "का रे? मत पन गुपचूपच टाकतात ना? मंग नाव गुपचूप घेतला तर तुझा काय जातं?"

केंद्राध्यक्षांनी सूनबाईलाही मत देऊ दिलं.

फोटो असावा की नसावा, यावर आजही लोक माझ्याशी भांडतात. मी सांगतो, असावा. फोटो नव्हता तेव्हा आजीची दोन मतं कुणीतरी नेली होती. पण कार्ड म्हणजे माणूस नव्हे. लिहिणाऱ्यानं एकदा मान वर करून समोर बघितलं असतं, तर त्या दिवशी पोलीस लागला नसता. त्यानंतर मी कुठलाही जबाब लिहिताना प्रत्येक ओळीला समोरच्याचं तोंड बघायला लागलो. अक्षर आणखी बिघडलं, पण जबाब खोटा पडला नाही.

त्या दिवशी मतदान करून म्हातारा पुढं आणि आजी मागं अशी पाड्याच्या वाटेला लागली. म्हातारा दर दहा पावलांवर थांबून मागं वळायचा. आजी म्हणाली, "काय बगतोस? चल पुढं."

"काय नाय," तो म्हणाला, "मना वाटला, हाक मारलीस."