पट्टीखालचा उजेड

मंडळी, मन थाऱ्यावर नाही, म्हणून इथे लिहून राहिली.

आज दुपारी माझा पहिला रंधा घ्यायला राजापेठेत गेले होते, बाबांना घेऊन. बाबा सुतार. दिवाळीत मी त्यांच्या हाताखाली शिकायचं ठरवलं, तेव्हा त्यांनी एकच अट घातली, "तुहा पहिला रंधा मीच निवडून देईन."

दुकानदाराने लोखंडी रंधे काढले. बाबांनी एक उलटा केला, त्याच्या तळावर स्टीलची पट्टी उभी धरली आणि दाराकडे तोंड करून पाहिलं. तळ सपाट असला तर पट्टीखालून उजेड येत नाही. हे त्यांनीच मला शिकवलं.

"पाय, दिसते का कुठं उजेड? एकदम सरळ हाय. हाच घे."

मी त्यांच्या खांद्यामागून पाहत होते. पट्टीखाली मधोमध उजेडाची रेघ लख्ख दिसत होती.

दुकानदार माझ्याकडे पाहत राहिला. मी पिशवी पुढे केली. बाबा इतके खूश होते, काय बोलणार?

रंधा उद्या बदलून आणता येईल, त्याचं काही नाही. पण आत्ता बाबा अंगणात बसून कटर मशीनला नवं पातं लावून राहिलेत. उद्या सकाळी मोर्शीला दारांचं काम आहे. ज्या डोळ्यांना ती रेघ दिसली नाही, त्याच डोळ्यांनी ते मशीन चालवणार.

सांगा न, सुताराला त्याची नजर गेली हे पोरीने कोणत्या तोंडाने सांगावं?