पाळीवरून विचारणारा माणूस

"पानी कसा हाय?"

भेटला की पहिलं हेच. तुम्ही नागपूरहून आलात, दवाखान्यातून आलात, लग्न लावून आलात, फरक नाही. कमरेवर हात, मान थोडी तिरकी, आणि "तिकडं पानी कसा हाय?" माझ्या मावशीच्या तेराव्यालाही त्याने मला मावशीच्या गावच्या तलावाबद्दलच विचारलं होतं. मी चिडले, तर म्हणाला, "मानसाचा त समजलाच ना बाई. पान्याचा कोन सांगन?"

सानगडीच्या बाजारात मासोळी विकायला बसायचा. मी तिथे आमच्या संघटनेची पत्रकं वाटायचे. मला तो नावाने कधी हाक मारत नसे. "काय ओ परचेवाली बाई, आज कोनाले झोडपून राहिल्या?" मी सांगायचे, आज ठेकेदाराला. "झोडपा, झोडपा. पन परचा जरा मोठ्या कागदावर छापत जा. रोहू मावत नाई त्याच्यात." सगळे त्याला काका म्हणत, म्हणून मीही काकाच म्हणते.

त्याचा हा प्रश्न चाळा नव्हता, हे आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. आमच्याकडे नव्या पाण्यात जाळं टाकायचं असलं की डोंगा, म्हणजे लहान होडी, आत जातो आणि सगळ्यात जाणता माणूस पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर उभा राहतो. तो ओरडून विचारतो, पानी कसा हाय? डोंग्यातला बांबू तळाला टेकवतो, वर काढतो, ओल कुठवर आली, टोकाला चिखल लागला की रेती, ते पाहून ओरडून सांगतो. विचारल्याशिवाय सांगायचं नाही, सांगितल्याशिवाय जाळं सोडायचं नाही. पिढ्यानपिढ्या असंच चालत आलं आहे.

दिवाकर आणि मोरेश्वर त्याच्याच डोंग्यावरचे. वयाने निम्मे, पण तो त्यांना दोस्त म्हणायचा आणि तेही त्याची बिडी हक्काने ओढायचे. एका एजंटने दोघांना समुद्रापलीकडच्या एका देशात नेलं. काम मासे पाळायचं, पिंजरे लावून, बंदराजवळ. पहिल्याच दिवशी काकाचा फोन गेला. काय विचारलं असेल, तुम्हीच सांगा.

पोरांनी सवयीने दाखवलं. दिवाकरने बांबू पाण्यात घातला, खोली मोठ्याने सांगितली, मोरेश्वरने मोबाईलवर व्हिडिओ काढून पाठवला. काका खूश. "खारा पानी! अन् त्या भिताडापलीकडं कसा हाय?" त्यांनी भिंतीपलीकडचंही दाखवलं. मग त्याच्या पुढचं. भिंतीपलीकडे आरमाराच्या बोटी उभ्या होत्या. काकाला त्या दिसल्याच नाहीत. तो बांबूची ओल पाहत होता.

तिथल्या पोलिसांना मात्र बोटीच दिसल्या. बंदराची खोली मोजून परदेशात कळवतात, म्हणजे हेर. दोघे आत.

आणि आपल्याकडे काय झालं? एका पेपराने छापलं, 'जिल्ह्यातील दोघे हेर?' त्या प्रश्नचिन्हामागे लपून ज्याने मोरेश्वरच्या म्हाताऱ्या आईला घराबाहेर पडणं मुश्कील केलं, त्याला मी तेव्हाही निर्लज्ज म्हटलं, आजही म्हणते. बाजारात एकाने काकाला डिवचलं, "काय गुप्तहेर, माह्या शेतातल्या बोडीचा पन फोटो पाठवला का?" काका म्हणाला, "तुही बोडी? म्हैस बसली त पानी बाहीर येते. तिथं कोनता जहाज घुसते बे!" लोक हसले. तो हसला नाही.

त्या दिवसापासून त्याने तो प्रश्न विचारणं बंद केलं. मलाही नाही, कोणालाच नाही. पाळीवर उभा राहायचा तो नुसता. डोंग्यातली पोरं बांबू धरून वाट पाहायची, मग अंदाजानेच जाळं सोडायची.

मी पत्रक काढलं, 'आमच्या निरपराध मच्छीमारांना सोडवा'. त्याने ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.

"याच्यात माहा नाव कोठी हाय?"

"तुमचं कशाला, काका?"

"मी विचारलो म्हनून त्याहीनं दाखवला ना. पोट्ट्यायचा काय कसूर? टाका माहा नाव. मोठ्या अक्षरात."

मग काका आणि मी जिल्ह्याच्या साहेबांच्या कार्यालयात निवेदन घेऊन गेलो. साहेबांनी विचारलं, "तुम्ही त्यांचे कोण?"

"दोस्त."

"नातेवाईक?"

"दोस्त, साहेब."

"माहिती फक्त नातेवाइकांना देता येते. प्रकरण संवेदनशील आहे." मी टेबलावर हात आपटला. मला बाहेर काढलं. काका आतच उभा राहिला, हात जोडून, आणि म्हणत राहिला, "दोस्ताले काय सांगता येते ते त सांगा." काहीच सांगता येत नव्हतं. प्रत्येक कार्यालयात हेच. भंडाऱ्याला धरणं दिलं, तेव्हा चहा पाजायला अधिकारी आले, उत्तर द्यायला कोणी आलं नाही.

मग त्याने पासपोर्ट काढायचं मनावर घेतलं. चौकशीला आलेला पोलीस शिपाई ओळखीचाच होता.

"काहून चालले, काका?"

"त्या सरकारले सांगाचा हाय, विचारनारा मी होतो. मले ठेवा, त्याहिले सोडा."

शिपायाने पेन खाली ठेवलं. "असं लिहू काय मी? पर्यटन लिहितो."

"म्हंजे?"

"फिराले."

"पोट्टे कैदेत, अन् मी फिराले जाऊ? नाई लिहाचा." शिपाई मला हळूच म्हणाला, "ताई, समजवा." मीही समजावलं. काकूंनी, म्हणजे त्याच्या बायकोने, चार शिव्या देऊन समजावलं. तो हलला नाही. पासपोर्ट काही आला नाही.

एकदा फोन मात्र आला. दिवाकरला काकाचाच नंबर पाठ होता. मी तेव्हा त्यांच्या अंगणात बसले होते. काकूंनी फोन स्पीकरवर टाकला.

"काका, बरा हाओ आमी. मोरेश्वर पन बरा हाय. जेवतो."

काका भडाभडा बोलायला लागला. धान लोंबीवर आला, म्हैस व्याली, मोरेश्वरच्या मायच्या डोळ्याचा आपरेशन झाला, परचेवाली बाई लय भांडून राहिली. श्वास घेईना. दिवाकर हो हो म्हणत राहिला. मग म्हणाला, "काका, तुमी विचारलेच नाई."

काकाने फोन दोन्ही हातांनी धरला. ओठ हलले. मला दिसत होतं, शब्द तिथवर आला होता.

"विचारा ना जी, काका."

मागे कोणीतरी परक्या भाषेत दरडावलं. फोन बंद झाला.

काकाने फोन बंडीच्या खिशात ठेवला. मग मला म्हणाला, "तिथले पोलीस आयकत असतीन ना? कसा विचारू मंग? एकदा विचारलो त भोगून राहिले बिचारे."

पुन्हा फोन आला नाही. या हिवाळ्यात काकाला ताप भरला, छातीत कफ झाला, आणि साकोलीच्या दवाखान्यातच त्याने प्राण सोडला. शेवटपर्यंत फोन उशाशी. काकू म्हणाल्या, तोंडाने पुटपुटत होता, पण आवाज काही निघाला नाही.

दिवाकर आणि मोरेश्वर अजून आतच आहेत. हे पत्रक नाही, म्हणून मागण्या लिहीत नाही. पण तुम्ही कधी 'हेर' असा मथळा वाचलात, तर त्यामागे एखादा बांबू आणि एखादा पाळीवरचा माणूस असू शकतो, एवढं ध्यानात ठेवा.

परवा काकूंकडे गेले होते. फोन त्यांनी पॉलिथिनमध्ये गुंडाळून कमरेला खोचला होता. मी म्हटलं, "काकू, फोन आला तर काका गेले हे एकदम सांगू नका. तिथे पोरं खचतील."

"नाई सांगत. पयले विचारीन."

"काय?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी या गावात आजच आले. "पानी कसा हाय, म्हनून. मले पकडाचा हाय त येऊन पकडा म्हना."

मग त्या उठल्या आणि पाळीवर गेल्या. मीही मागोमाग गेले. डोंगा आत गेला होता. पोरगा बांबू उभा धरून थांबला होता, काका उभा राहायचा त्या जागेकडे बघत. काकूंनी पदर खोचला. आधी आवाज चिरकला. मग त्यांनी घसा साफ केला आणि आख्ख्या तलावाला ऐकू जाईल असं ओरडल्या, "पानी कसा हाय?"

"छातीभर हाय, काकू! खाली चिखल हाय!"

काकूंचं लक्ष तिकडे नव्हतंच. त्यांनी पॉलिथिन सोडून फोन हातात घेतला होता, आणि तो वाजतो का ते बघत होत्या.